दहा अंशांचं कपाट

बटाटा संशोधन केंद्रातल्या किड्यांच्या खोलीत एरमिला याउरीची सत्तावीस वर्षं गेली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून काचेच्या दारांची सहा कपाटं उभी होती आणि प्रत्येक कपाट एका ठरलेल्या तापमानाला धरून ठेवलेलं होतं: दहा अंश, चौदा, अठरा, बावीस, सव्वीस आणि तीस. बाहेर मांतारो खोऱ्यात ऊन पडो की गारा, आतल्यांना त्याचा पत्ता नसे. आत असायचे बटाटा पोखरणारे पतंग. कुठे अंडी, कुठे अळ्या, कुठे कोष. रोज सकाळी नऊ वाजता एकेक डबी उघडायची, किती जगले, किती मेले, किती कोषात गेले ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे एरमिलाचं काम.

रोज म्हणजे रोज. किड्यांना रविवार नसतो, नाताळ नसतो, इस्टर नसतो. खोलीत कामाला आणखी दोघी होत्या, पण त्या पोराबाळांच्या. त्यांना सुट्टीला घरी जायचं असे. एरमिलाचं लग्न जमता जमता राहिलं होतं, पुढे तो विषयच निघेनासा झाला. ती केंद्राच्या कुंपणाला लागून एका खोलीत राहायची. त्यामुळे सणासुदीची मोजणी तिच्याकडे आली ती आलीच. कोणी तिला विचारलं नाही आणि तिनेही कधी नाही म्हटलं नाही. सणाच्या दिवशी केंद्राच्या आवारात फाटकावरचा पहारेकरी आणि ती, अशी दोनच माणसं असत. पहारेकऱ्याकडे रेडिओ होता.

तिचे आकडे जायचे राजधानीला, लिमाला, रेन्सो बुस्तियोस नावाच्या गणितवाल्याकडे. पस्तिशीचा, समुद्रकाठी वाढलेला माणूस. एकदाच वर डोंगरात आला होता. आल्या आल्या त्याला उंची लागली, ओठ निळे पडले आणि संध्याकाळच्या आत त्याला प्राणवायूची नळी लावून खाली नेलं. त्यानंतर आठ वर्षं त्यांची ओळख फोनवरचीच. माणूस अदबीचा होता. तिला 'एरमिलाबाई' म्हणायचा आणि तिच्या अक्षराची तारीफ करायचा.

त्याचं गणित तिला समजत होतं. अंड्यापासून पतंग व्हायला सव्वीस अंशांच्या कपाटात वीस दिवस लागतात. म्हणजे एका दिवसात किडा आपल्या आयुष्याचा विसावा हिस्सा वाढतो. अठरा अंशांना पंचेचाळीस दिवस लागतात. म्हणजे रोज पंचेचाळिसावा हिस्सा. चौदाला पंचाण्णव दिवस. हे हिस्से कागदावर तापमानासमोर मांडले की ठिपके जवळजवळ एका रेषेत बसतात. ती रेषा खाली ओढत न्यायची. जिथे ती शून्याला टेकेल, त्या तापमानाखाली किडा वाढत नाही असं समजायचं. रेन्सोची रेषा अकरा अंशांना टेकली.

मग त्याने देशाचा नकाशा घेतला, गावोगावचं सरासरी तापमान त्यावर घातलं आणि रंग भरले. लाल ठिकाणी पतंगाच्या वर्षात पाच-सहा पिढ्या, पिवळ्या ठिकाणी एक ते तीन. जिथे सरासरी अकराच्या खाली, ती डोंगरमाथ्याची गावं पांढरी. पांढऱ्या गावांत पतंगाला थारा नाही. या नकाशावरूनच मग एक योजना निघाली: खालच्या खोऱ्यांतलं देशी बटाट्याचं बियाणं वर नेऊन पांढऱ्या गावांत साठवायचं, म्हणजे ते किडीपासून वाचेल. पहिल्या यादीत सात गावं होती. त्यातलं तिसरं नाव यानाकासा, एरमिलाचं गाव.

नाव वाचून ती बराच वेळ कागद हातात धरून बसली. कारण गावापेक्षाही आधी तिला आठवलं ते दहा अंशांचं कपाट.

दहाच्या कपाटात तिने शंभर अंडी ठेवली होती. सव्वीसमधली पतंग होऊन उडाली, अठरामधली उडाली, आणि दहामधली होती तशीच. चाळीस दिवसांनी पाच अळ्या बाहेर आल्या. त्यातल्या दोन दुसऱ्याच दिवशी मेल्या. विभागाचे प्रमुख म्हणाले, नव्वदाव्या दिवशी ते कपाट बंद करा, वीज फुकट जातेय. एरमिलाने मान डोलावली आणि कपाट चालू ठेवलं. तोवर एकच अळी उरली होती. दर पंधरवड्याला एरमिला तिला बटाट्याची ताजी फोड घालायची. अळी इतकी हळू खायची की फोडीवरचं भोक वाढलंय की नाही हे पट्टी लावून पाहावं लागे. दीडशेव्या दिवसानंतर ती कोषात गेली. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, एका रविवारी, डबीच्या झाकणाला आतून एक राखी रंगाचा पतंग चिकटून बसलेला दिसला. पंख नीट, पाय सहा, कशात काही कमी नाही. त्या दिवशी ते कोणाला सांगावं असं आवारात कोणी नव्हतं. तिने वहीत '१' लिहिलं.

ती वही तिने लिमाला पाठवली होती. नकाशात मात्र त्या एकाची कुठे खूण नव्हती. म्हणून तिने रेन्सोला फोन केला.

रेन्सोने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, शंभरात एक म्हणजे ठिपका नव्हे, तो अपघात. कपाटाचा पारा अधूनमधून चढला असेल. शिवाय रेषा सरळ धरली की हिशेब सोपा होतो. तो एक ठिपका घेतला तर रेषा वाकवावी लागते, आणि एका किड्यासाठी रेषा वाकवली तर परीक्षक हसतील. शेवटी जरा संकोचून त्याने विचारलं,

"एरमिलाबाई, राग मानू नका, पण तुम्ही रोज दार उघडत होता ना?"

"मोजायला उघडावंच लागतं, साहेब."

"तेच म्हणतोय. बाहेरची हवा गरम. तुमच्यामुळेच तो जगला असेल."

तिने फोन ठेवला. तो वाईट बोलला नव्हता, पण हे वाक्य तिच्या मनातून जाईना. दोनशे दिवस रोज दीड मिनिट दार उघडायची ती. दीड मिनिटाने काय होतंय, असं एकदा वाटे. आणि एकदा वाटे, खरंच तसं असेल तर यानाकासाच्या घरांत दिवसभर दारं उघडीच असतात, चूल पेटलेली असते. तिथे काय होईल?

याचं उत्तर वहीत नव्हतं. ते हवं तर वर जायला हवं होतं, आणि वर ती एकोणीस वर्षांत गेली नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी इस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात तिची आई गेली. गुरुवारी निरोप आला की आई शेवटची घटका मोजतेय, निघून ये. केंद्रात कोणी नव्हतं. नेमके त्याच दिवसांत कपाटांतून पतंग निघायला लागले होते; दोन दिवस मोजणी चुकली असती तर चार महिन्यांचा प्रयोग पाण्यात गेला असता. कोणी तिला थांब म्हटलं नव्हतं. तिचं तीच थांबली. शनिवारी दुपारी खोलीतल्या दोघींपैकी एक परतल्यावर ती निघाली आणि रविवारी सकाळी गावात पोचली. मूठमाती आदल्या दिवशीच झाली होती. थोरली बहीण हुस्तिना दारात उभी होती. "तुझ्या किड्यांना विचार आईचं नाव," एवढंच ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. एरमिला कबरीपाशी जाऊन आली आणि त्याच बसने परतली. पुढे तिने दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, मग तीही थांबली. तिच्या त्या प्रयोगाचं पुढे काय झालं, हे तिला आता आठवतही नव्हतं.

जूनमध्ये ती गेली. बटाटे काढून झाले होते, रानं तपकिरी पडली होती, रात्रीच्या बर्फाने चुन्योसाठी, म्हणजे गारठवून वाळवायला, पसरलेले बटाटे आवळून काळे झाले होते. पिशवीत तिने मुलाबाळांच्या घरी नेतात तसे पाव घेतले होते आणि एक थर्मामीटर. दोन नळ्यांचा, दिवसातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा दोन बारीक काट्यांनी धरून ठेवणारा.

हुस्तिना आता त्रेसष्ट वर्षांची होती. नवरा मेलेला, मुलगा खाणीवर. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा दाणे टाकायला लागली.

"ताई."

"वाट चुकलीस?"

एरमिलाने कामाचं तेवढं सांगितलं. तुझ्या बटाट्याच्या कोठीत हे लावायचंय, रोज सकाळी दोन आकडे लिहायचे आणि चुंबकाने काटे खाली आणायचे, चार महिने. हुस्तिनाने थर्मामीटर हातात घेऊन उलटासुलटा केला. आत गेली, सूप घेऊन आली, बहिणीसमोर ठेवलं. ती जेवत असताना भिंतीला टेकून उभी राहिली. स्वतः बसली नाही.

कोठी स्वयंपाकघराच्या मागे होती. मधली मातीची भिंत. एरमिलाने त्या भिंतीला हात लावला तर ती ऊबदार होती, पलीकडे चूल. बटाटे गवतावर रचलेले, मधे मधे किडीला पळवणाऱ्या मुन्याचा उग्र वासाचा पाला, आईच्या वेळेसारखाच. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन थेट ढिगावर येत होतं. तिने थर्मामीटर टांगला.

"मला मेंढ्या मोजता येतात," हुस्तिना मागून म्हणाली, "तेवढं लिहिता येईल. तुला कळवायचं कसं?"

गावात फोनला एकाच जागी रेंज होती, दफनभूमीच्या भिंतीपाशी. दर रविवारी दहा वाजता तिथून फोन करायचा असं ठरलं.

त्या रविवारपासून एरमिला मोजणी उरकून दहाला दहा मिनिटं असतानाच फोन पुढ्यात घेऊन बसायची. दहाला तो वाजे. आधी वाऱ्याचा आवाज, मग हुस्तिनाचा.

"सोमवार, चार आणि सोळा. मंगळवार, तीन आणि सतरा. बुधवार, चार आणि सोळा."

सात दिवसांचे चौदा आकडे, आणि फोन बंद. कशी आहेस नाही, बरी आहेस ना नाही. पहिल्या दोन-तीन वेळा एरमिलाने मधे काही विचारून पाहिलं. हुस्तिना थांबायची आणि पुढचा वार सांगायची. मग एरमिलाने विचारणं सोडलं. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बहीण आकडे हळू हळू सांगायला लागली होती. आधी मिनिटभरात संपणारा फोन आता तीन मिनिटं चाले. बाई एकेक वार असा उच्चारायची, जणू त्या वारी काय काय झालं ते सगळं त्या दोन आकड्यांत बसवतेय. ऑगस्टमधल्या एका आठवड्यात वरचे आकडे एकदम उतरले, तेरा, बारा, बारा. त्या दिवसांत घरातली चूल नीट पेटली नव्हती, म्हणजे बाई आजारी होती किंवा तिला उठवत नव्हतं. एरमिलाने आकडे लिहून घेतले. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी 'सोळा' ऐकलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हुस्तिना मधला एक वार गाळून शनिवारपर्यंत आली आणि अडखळली.

"गुरुवार नाही."

"नाही म्हणजे?"

"लिहिला नाही. पलीकडच्या सिप्रियानाची माती होती. पहाटेच गेले, उशिरा आले. रिकामा राहिला."

"राहू दे, ताई. एका दिवसाने काही होत नाही. आदल्या आणि पुढच्या दिवसावरून भरता येतो."

फोनमध्ये नुसता वारा वाजत राहिला. एरमिलाला वाटलं, रेंज गेली.

"भरता येतो?" हुस्तिनाने विचारलं.

एरमिलाने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"म्हणजे एक दिवस रिकामा राहिला तरी चालतं," हुस्तिना म्हणाली. आवाजात राग नव्हता. रस्त्यात पडलेली वस्तू उचलून पाहावी तसं तिने ते वाक्य उच्चारलं आणि फोन ठेवला.

एरमिला तशीच बसून राहिली. एकोणीस वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. तिला कामाची माहिती होती, आकडे चुकले तर काय होतं हे ठाऊक होतं. आणि आता तिच्याच तोंडून निघालं होतं की काही होत नाही. आणि ते खोटंही नव्हतं. गुरुवार ते शनिवार, तीन दिवस. रेषा आखली असती तर ती केसभर हलली असती. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही. फाटकावर जाऊन पहारेकऱ्याशी काहीतरी बोलावं म्हणून ती निघाली, पण तो रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत होता; ती अर्ध्या वाटेवरूनच परत फिरली.

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला. सोमवार, चार आणि सोळा. दोघींपैकी कोणीच मागचं काढलं नाही.

महिनाअखेरीला तिने सगळे आकडे रेन्सोला पाठवले आणि सोबत चिठ्ठी लिहिली. कोठीची सरासरी दहाच्या आसपास पडते, ती चिठ्ठीत म्हणाली, म्हणून नकाशावर गाव पांढरं. पण साहेब, सरासरीत कोणी राहत नाही. दुपारी कोठी सोळावर जाते. त्या पाच-सहा तासांत किडा वाढतो. रात्री चारवर उतरते. तेव्हा तो थांबतो. दुपारी जेवढा वाढला तेवढा रात्री काही लहान होत नाही. तुमचीच सरळ रेषा घ्या, फक्त दिवसाला न लावता तासाला लावून बघा.

चार दिवसांनी रेन्सोचा फोन आला. त्याने तासातासाने हिशेब केला होता. तिचा तो एकटा पतंग न धरताही दोनशे दहा-पंधरा दिवसांत एक पिढी पुरी होत होती. धरला तर आणखी लवकर. म्हणजे खालून बियाणं आलं तर पतंग वर टिकणार, आणि वर्षभराने तिथूनच पसरणार. तो म्हणाला की ही चूक त्याची आहे. त्याने कागदावर गावं पाहिली, कोठ्या पाहिल्या नाहीत. नवा नकाशा तो स्वतः काढेल आणि त्याखाली तिचं नाव असेल.

"आणि त्या दार उघडण्याबद्दल," तो म्हणाला, "मी बोलायला नको होतं."

ती म्हणाली, जाऊ दे साहेब. पण बरं वाटलं तिला.

गावाला मात्र बरं वाटलं नाही. बियाण्याची कोठी येणार म्हणून यानाकासाला रस्ता दुरुस्त होणार होता, चार घरांना काम मिळणार होतं, खालच्या गावांनी आपल्याकडे हात पसरत यावं याचं अप्रूप वेगळंच. ऑक्टोबरमध्ये योजनेचे लोक सांगायला आले की नाव यादीतून काढतोय, तेव्हा गावसभा भरली. एरमिलालाही बोलावलं होतं. सगळं गाव मैदानात भिंतीला धरून बसलेलं. बायका एका बाजूला, सूत कातत. देमेत्रियो नावाचा गावचा अध्यक्ष उभा राहिला. त्याने विचारलं, या गावात बटाट्यात अळी कोणी पाहिली आहे काय? कोणी पाहिली नव्हती. मग त्याने एरमिलाला विचारलं, तू पाहिलीस?

"नाही पाहिली," एरमिला म्हणाली. "अजून आलेली नाही. आली तर जगेल."

"आली तर!" देमेत्रियो सभेकडे वळला. "मला पंख आले तर मीही लिमाला उडत जाईन. ऐकलंत ना? एकोणीस वर्षं तोंड दाखवलं नाही, आईला माती द्यायला आली नाही, आणि आता आली ती गावाच्या तोंडचा घास काढायला. हे आकडे आणलेस कुठून? कोणाच्या घरातले?"

नाव घेतलं तर उद्यापासून त्या घराला गाव काय करेल हे एरमिलाला कळत होतं. ती म्हणाली, आकडे माझे आहेत, जबाबदारी माझी. लोक कुजबुजायला लागले, कोणी तरी हसलं, मागून आवाज आला की हिने खोलीत बसून मनाचे आकडे लिहिलेत.

तेव्हा बायकांमधून हुस्तिना उठली. तिने चाती खाली ठेवली, परकर झटकला.

"माझ्या कोठीतले आहेत. मी लिहिलेत, रोज सकाळी. एक गुरुवार सोडून." ती देमेत्रियोकडे बघत होती. "मनाचे कसे असतील? मला मनाचं लिहिता येत नाही. खालून येणाऱ्या पोत्यांत अळी नसेल असं तू लिहून देतोस का? दे. मी बोटाचा ठसा घेते तुझा."

देमेत्रियोने लिहून दिलं नाही. सभा तशीच मोडली. नाव यादीतून गेलं आणि बियाण्याची कोठी दुसऱ्या डोंगरावरच्या एका गावाला मिळाली, जिथे कोठ्या चुलीपासून दूर, वाऱ्याच्या तोंडाशी बांधतात.

सभेनंतर एरमिला बहिणीसोबत घरापर्यंत गेली. दारात ती म्हणाली की तू उठायला नको होतंस. हुस्तिना म्हणाली, मी काही तुझ्यासाठी उठले नाही, लोक मला खोटी म्हणत होते. मग तिने कोठीतला थर्मामीटर काढून, फडक्यात बांधून आणून दिला.

"आता रविवारी फोन नको ना करायला?"

एरमिलाने पुडकं हातात घेतलं. एक शब्द पुरेसा होता. अजून सहा महिने लागतील म्हटलं असतं तर बहिणीने मुकाट्याने ते यंत्र परत टांगलं असतं. पण आयुष्यात तिने खोटा आकडा कधी सांगितला नव्हता.

"नको," ती म्हणाली. "काम झालं."

"बरं," हुस्तिना म्हणाली.

त्यानंतरचे दोन रविवार फार लांब गेले. एरमिला नऊला मोजायची, साडेनऊला संपवायची आणि दहा वाजता हातात काही नसे. तिने एकदा स्वतःच फोन लावला. पण हुस्तिना भिंतीपाशी नसताना तो लागणार कसा? फोनमधली बाई म्हणाली, हा क्रमांक संपर्काच्या बाहेर आहे. नव्या नकाशाची प्रत लिमाहून आली. खाली बारीक अक्षरांत तिचं नाव होतं. तिने ती कपाटाच्या बाजूला चिकटवली. यानाकासा पिवळं झालं होतं. ते पांढरं होतं तेव्हा कोणी तिला ओळखत नव्हतं, आणि आता गावातलं शेंबडं पोरही तिला ओळखून तोंड फिरवणार होतं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांचा दिवस. आदल्या आठवड्यात एरमिला विभागप्रमुखांकडे गेली आणि म्हणाली, मला तीन दिवस रजा हवी. त्यांना वाटलं ती आजारी आहे. नाही म्हटल्यावर ते गोंधळले. सुट्टीच्या दिवसांत मोजणार कोण? कोणी मिळालं तर बघा, ती म्हणाली, नाही मिळालं तर राहू द्या. अशी ती कधी बोलली नव्हती. त्यांनी सही केली.

दफनभूमीत गावाची गर्दी होती. कबरींवर फुलं, पाव, उकडलेला मका, मक्याची दारू. लोक आपापल्या मेलेल्यांभोवती गोल करून बसले होते, हसत होते, एकमेकांच्या कबरींवर जाऊन घोट घेत होते. आईच्या कबरीपाशी हुस्तिना एकटी होती. तिच्या चादरीवर तिघा-चौघांना पुरेल एवढं जेवण मांडलेलं, आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. सभेपासून गावातल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या; पाणी भरायला ती आता सगळ्यांच्या नंतर जात होती. हे एरमिलाला तिने सांगितलं नाही. ते दिसतच होतं.

एरमिला जवळ जाऊन उभी राहिली. हुस्तिनाने घोंगडीचं टोक ओढून जागा केली.

दोघी बसल्या. क्रॉसवरचं नाव पुसट झालं होतं. हुस्तिनाने कोळशाने गिरवून ठेवलं होतं, अक्षरं वेडीवाकडी पण मोठी. एरमिलाने ते नाव वाचलं. मग एकोणीस वर्षं जे बोलायचं होतं ते बोलली, अगदी थोडक्यात.

"मी यायला हवं होतं, ताई. येता आलं असतं."

हुस्तिनाने पाव मोडला. अर्धा कबरीवर ठेवला, उरलेल्याचे दोन तुकडे केले, एक बहिणीच्या हातात दिला.

"हो," ती म्हणाली. "आलं असतं."

वारा सुटला, फुलांच्या पाकळ्या भिंतीकडे उडत गेल्या. पलीकडे सिप्रियानाची माणसं गाणं म्हणत होती. हुस्तिनाने विचारलं, शेवटची बस किती वाजता? एरमिला म्हणाली, आज नाही जात, उद्याही नाही. हुस्तिनाने त्यावर मान हलवली. थोड्या वेळाने ती उठली, भांडी चादरीत गुंडाळायला लागली. न शिवलेलं जेवण पुष्कळ उरलं होतं.

"पुढच्या वर्षी येणार असलीस तर आधी कळव," ती गाठ मारताना म्हणाली. "मी अंदाजाने पाव केले. फार झाले."